पाण्यात काही ओतू नका, काठ सांभाळा

मे उजाडला की मुंबईतल्या शेतकऱ्यांचे एकाच धाटणीचे प्रश्न येतात. विहीर खारट झाली, तळं हिरवं पडलं, ओहोळातले मासे गेले. आणि प्रत्येकाच्या शेवटी ठरलेलं वाक्य: "दुकानदाराने अमुक दिलंय, किती टाकू?" उत्तर आधीच देऊन टाकतो. टाकू नका. पाणी बिघडतं ते जमिनीवर, काठावर, आणि सुधारतंही तिथेच. बाटलीतलं औषध विकणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून तो सांगत नाही.

(मुंबईत कुठली शेती, असं विचारणाऱ्यांनी पावसात एकदा गोराई-मनोरीच्या वाड्या आणि आरेतले पाडे फिरून यावं.)

मनोरीच्या एक ताई विचारतात: फेब्रुवारीपासून विहिरीचं पाणी मचूळ लागतं, वांग्याच्या पानांच्या कडा करपतात. बोअरवाला म्हणतो दीडशे फूट मारा, खाली गोडं पाणी आहे. दुकानदार म्हणतो विहिरीत जिप्सम सोडा. काय करू?

ताई, दोन्ही करू नका. बोअर तर मुळीच नको.

खाडीकाठच्या जमिनीत गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर असतं आणि खाली समुद्राचं जड पाणी. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी तोलून धरलं जातं. पण हे उलटंही चालतं. उपसा करून पातळी एक फूट खाली आणलीत, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला मोकळं. हा हिशेब वाळूच्या थरात चोख बसतो. आपल्याकडे कातळ, तिथे सगळं फटींवर अवलंबून. तरी खारं पाणी सरकतं याच दिशेने. दीडशे फुटांचं बोअर म्हणजे खाऱ्या पाण्याला स्वतः वाट करून देणं. बोअरवाला फुटाने पैसे घेतो, पाणी खारं लागलं तरी परत देत नाही. आणि एका वाडीत बोअर खारं झालं की शेजारच्या तीन विहिरी मागोमाग जातात, हे मी किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा पाहिलंय.

जिप्सम चोपण जमिनीसाठी असतं. सोडियम साठून माती घट्ट झाली असेल तर, तेही माती तपासून. पाण्यातलं मीठ जिप्समने जात नाही, उलट क्षार वाढतात. तुम्हाला दिलेली गोणी परत करा.

आता करायचं काय? आधी पाणी तपासा, पण वरवरचं नको. रिकाम्या बाटलीला दगड बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून ती तळापर्यंत सोडा, तिथे बूच ओढा. दुसरी बाटली वरच्या हातभर पाण्यातून भरा. दोन्ही नमुने वेगळे द्या. वरच्या पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) मीटरला 0.75 डेसीसायमनच्या आत आणि खालच्याची 2.25 च्या पुढे आली, तर विहीर मेलेली नाही, तुम्ही फक्त चुकीच्या जागेवरून उपसताय. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाचं खालचं तोंड, वर घ्या. लहान पंप, पहाटे थोडा वेळ, मग विहिरीला दम खाऊ द्या. पाच हॉर्सपॉवरची मोटार सलग चार तास चालवणं बंद. उन्हाळ्यात टँकरवाल्याला पाणी विकणं तर आजपासून बंद. राग आला तरी चालेल.

आणि खरं काम पावसाळ्यातलं. वाडीतली सखल जागा बुजवू नका. वसईत जुन्या लोकांनी बावखलं, म्हणजे वाडीतली छोटी तळी, खणली होती ती हौस म्हणून नव्हे. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहायच्या. बावखलं बुजली तिथे विहिरींनी मान टाकली. तुमच्याकडे दोन गुंठ्यांची खाच असेल तर तिच्यात डेब्रिज टाकून घेऊ नका, कुणी पैसे देत असला तरी. काठावर झाडं ठेवा, गाळ दोन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात काढा. खारबांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) पावसाआधी दुरुस्त हवी. उघाडीची फळी झिजली की भरतीचं पाणी थेट खाचरात येतं. तिवरं तोडू नका. ती पाणी गोडं करत नाहीत, पण भरतीचा मार आणि गाळ अडवून बांध वाचवतात, शिवाय तोडणं गुन्हा आहे.

तोवर घेवडा, कांदा, गाजर त्या पाण्यावर घेऊ नका, ही पिकं मीठ सोसत नाहीत. पालक, बीट तग धरतात. वाफ्यांवर पेंढ्याचं आच्छादन घाला, मीठ वर चढणं कमी होतं.

आरेतल्या पाड्यावरचे एक दादा: भाताच्या खाचराखालून ओहोळ जातो. आधी खेकडे, मासे मिळायचे. आता ऑगस्टमध्ये पाणी हिरवं होतं, वास येतो. दुकानात मोरचूद (तांब्याचं मीठ) टाकायला सांगितलं. भातही युरिया टाकून पिवळाच. अजून टाकू का?

दादा, प्रश्न दोन नाहीत, एकच आहे. भाताला टाकलेला युरिया भाताला मिळत नाही, तो ओहोळाला मिळतो.

मोरचुदाने शेवाळ मरतं, खरंय. मेलेलं शेवाळ तळाला जातं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि उरलेसुरले मासे तरंगतात. निळं-हिरवं शेवाळ असेल तर मरताना पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. ते पाणी गुरं पितात. तांबं गाळात कायमचं बसतं. शेवाळ मात्र तीन आठवड्यांत परत, कारण त्याचं खाद्य वरून येतच असतं. एक ग्रॅम स्फुरद पाण्यात गेला तर त्यावर शंभरेक ग्रॅम सुकं शेवाळ पोसतं. मग दुकानदार दुसरी पिशवी देतो. मोरचूद ओहोळात नाही म्हणजे नाही.

आता युरिया. सुधारित भाताला हेक्टरी 100 किलो नत्र. दहा गुंठ्यांना हंगामभर 22 किलो युरिया पुरतो, तोही तीन हप्त्यांत: लावणीला दोन वाटे, फुटव्यांना दोन, फुलोऱ्याच्या आधी एक. डीएपी टाकलं असेल तर युरिया त्या मानाने कमी. दुकानदार 45 किलोची अख्खी गोणी देतो आणि "एकदाच मारून टाका" म्हणतो. दुप्पट डोस, चुकीच्या वेळी. मुंबईत वर्षाला बावीसशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वरून आभाळ भरलेलं असताना भरल्या खाचरात मुठीने युरिया फेकणं म्हणजे पैसे ओहोळात फेकणं. पाऊस ओसरेपर्यंत थांबा. खाचरातलं पाणी उतरवा, मग टाका, दोन दिवस बांधाची तोंडं बंद ठेवा. आभाळ बघून खत टाका, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी जुलैच्या पहिल्या झडीत कुणीतरी गोणी फोडतोच.

माझं ऐकाल तर मुठीने फेकणंच सोडा आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट घ्या. कोकणात चार सूत्री पद्धत तीस-चाळीस वर्षं चालू आहे, नवीन काही नाही. लावणी 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने, आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात मधोमध एक 2.7 ग्रॅमची गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. बोटांनी दाबायची, वर चिखल ओढायचा. खोल चिखलात हवा नसते, तिथे नत्र अमोनियाच्या रूपात धरून राहतं आणि मुळं हळूहळू उचलतात. वर पडलेल्या नत्राचं नायट्रेट होतं आणि ते पाण्याबरोबर पळतं. काही उन्हात वायू होऊन उडतं. हेक्टरी 170 किलो गोळ्या, म्हणजे नत्र साठ किलोच्या आसपास. पैसे वाचतात, ओहोळ वाचतो. गोळ्या खोल गेल्या नाहीत तर उपयोग शून्य, म्हणून चिखल घट्ट व्हायच्या आत त्याच दिवशी हात चालवा. जोडीला गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडा. त्याची कुंपणं पाड्यांवर आहेतच, फक्त छाटायचा कंटाळा.

दुसरी गोष्ट काठाची. खाचर आणि ओहोळ यांच्यात दहा फुटांचा पट्टा सोडा. नांगरू नका, तणनाशक मारू नका, राब त्यावर भाजू नका, राख पहिल्या पावसात थेट पाण्यात जाते. बांधाच्या कडेला वाळा लावा, मधे गवत राहू द्या, पाण्याजवळ वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. गवतात पाण्याचा वेग मोडतो, गाळ बसतो आणि मातीला चिकटलेला स्फुरद तिथेच अडतो. मुळांच्या ओलसर, पालापाचोळ्याच्या मातीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. हे काम फुकट होतं आणि रोज होतं. "दहा फुटांत माझं अर्धं पोतं भात गेलं," असं कुणीतरी म्हणेलच. पट्ट्यावर वैरण निघते, वाळ्याची मुळं विकली जातात, बांध फुटत नाही. हिशेब घालून बघा.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर तुमच्या शेजारीच तीन तलाव आहेत. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, पवई त्यानंतर 1890 च्या सुमाराचा. पाऊस तिघांवर तोच. तुळशी आणि विहारच्या वरचं पाणलोट बहुतांश राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, म्हणून मुंबई त्यांचं पाणी अजून पिते. पवईच्या काठावर वस्ती आली, सांडपाणी आलं, आता ते पाणी पिण्याजोगं नाही आणि तलावावर जलपर्णी. पुढे विहार-पवईचं जास्तीचं पाणी मिठी नदीत जातं, तिचं काय झालंय ते सांगायला नको. झाडं आणि पाण्याची चाल एकत्र सांभाळण्याच्या या विद्येला इकोहायड्रोलॉजी म्हणतात. युनेस्कोच्या जलविज्ञान कार्यक्रमात ती पुढे आणणाऱ्यांत पोलंडचे शास्त्रज्ञ झालेव्स्की महत्त्वाचे. त्यांचा मुद्दा साधा: पाण्याचा वेग आणि साठा बदलून जीवसृष्टी सावरता येते आणि झाडा-जिवाणूंकरवी पाणी. फक्त भिंत बांधून किंवा फक्त झाडं लावून भागत नाही. मुंबईतल्या नद्यांना दोन्हीकडून काँक्रीटच्या भिंती घातल्या, त्यामुळे पाणी लवकर पळतं, मुरत नाही आणि गाळायला काठच उरत नाही. तुमच्या ओहोळाला कुणी "संरक्षक भिंत" मंजूर करून आणली तर आधी विचारा की काठ कुठे जाणार.

गोराईहून: गावतळं जलपर्णीने झाकलंय. ग्लायफोसेट तणनाशक मारायचं का?

नाही. 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट शेतकऱ्याने स्वतः मारायचं नाही, परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरतंच ते मर्यादित आहे. दुकानदार काउंटरखालून देत असेल तर तो गिऱ्हाईकाची सोय बघत नाही, माल खपवतोय. टू-फोर-डी देऊ करेल, तेही नको. त्या तळ्याचं पाणी टोमॅटो-वांग्याला दिलंत तर पानं पिळवटतील. आणि कुठलंही तणनाशक मारलं तरी मेलेला सगळा पसारा पाण्यातच कुजतो, म्हणजे त्याने शोषलेलं खत परत पाण्यात.

हाताने काढा. एप्रिल-मेमध्ये, पाणी कमी असताना, फुलं यायच्या आत. पोषक पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून "अर्धी आता, अर्धी दिवाळीनंतर" असं चालत नाही. मुळासकट उचला, लहानसा तुकडा राहिला तरी त्याचं नवं रोप तयार होतं. काठावर ढीग लावू नका, पहिल्या पावसात रस परत तळ्यात. दूर नेऊन शेणासोबत थर लावून कुजवा. तळ्यात गटार किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला घालू नका, ही वनस्पती जड धातू शोषते. जलपर्णी खाणारे नीओकेटिनाचे भुंगे 1980 च्या दशकात भारतात आणले गेले, काम करतात, पण सावकाश. आणि गटार बंद झाल्याशिवाय जलपर्णी दरवर्षी येणार. मूळ दुखणं ते आहे, पान नव्हे.

रुळांशेजारी नाल्याच्या पाण्यावर पालक-मुळा घेणारे भाऊ विचारतात: तुरटी मारली तर पाणी चालेल का?

नाही. तुरटीने गाळ बसतो, धातू आणि जंतू राहतात. पालेभाजी त्या पाण्यावर नको.

दहिसरहून: पाऊस झाल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर किती?

पिशवीभर नाही! चांगली, ताजी पावडर हजार लिटरला 2.5 ग्रॅम. दहा फूट रुंद विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे बावीस हजार लिटरच्या आसपास, म्हणजे पावडर पंचावन्न ग्रॅम. मूठ-दीड मूठ. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा, तासभर पाणी काढू नका. किलोभर ओतलंत तर पाणी पिणं राहो, रोपंही जळतील. उघड्या डब्यातली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरिन उडालेला असतो.

योजना?

ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के अनुदान, इतरांना 45 टक्के केंद्राच्या योजनेतून. अर्ज महाडीबीटीवर, सातबारा, आठ-अ, आधार जोडलेलं बँक खातं. रेल्वेच्या किंवा सरकारी जागेत कसणाऱ्यांना सातबारा नाही, त्यामुळे यात बसत नाही. पूर्वसंमती येण्याआधी साहित्य विकत घेऊ नका, नंतर अनुदान मिळत नाही. दुकानदार "मी फॉर्म भरून देतो" म्हणाला तर पासवर्ड त्याच्या हातात देऊ नका.

पाण्याचे नमुने जूनच्या आधी द्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, गळ्यापर्यंत भरा, वर चिठ्ठी लावा: विहीर कोणाची, वरचं की तळाचं, तारीख. औषधाच्या रिकाम्या बाटलीत आणलेला नमुना घेणार नाही.