चकाकणारे किडे आणि कॅमेरा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरे

वळीव पडून गेला की कोल्हापूरच्या आसपास झाडाझुडपांवर चकाकणारे किडे दिसू लागतात आणि माझ्याकडे दरवर्षीचेच प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांच्या मुळाशी कुठलीतरी ऐकीव गोष्ट असते. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझ्या झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ लिहिलंय, तरी किडा फोटोत एवढासाच येतो. लेन्स खराब आहे का? (राजारामपुरी)

लेन्स ठीक आहे, तिच्यावरचा शब्द फसवा आहे. खरा मॅक्रो म्हणजे १:१. दहा मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवरही, दहा मिलिमीटरच उमटला पाहिजे. बऱ्याच झूम लेन्स १:३ किंवा १:४ वरच थांबतात आणि अंगावर मात्र ‘मॅक्रो’ मिरवतात. विक्रेता हे आपणहून सांगत नाही. लगेच नवी लेन्स घेऊ नका. लांब पल्ल्याच्या झूमला पुढून लावायची दोन भिंगांची क्लोज-अप लेन्स पुष्कळदा पुरते. आपला कॅमेरा दुकानात न्या, ती लावून एका नाण्याचा फोटो काढा, कडेपर्यंत अक्षरं नीट आली तरच पैसे द्या.

फोनला २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा आहे. तो वापरू का?

नको. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने अडकवायची क्लिप लेन्स लावा.

एफ/२२ ठेवलं की सगळा किडा शार्प येतो, असं ग्रुपवर वाचलं. मग माझे फोटो मऊ का येतात? (इचलकरंजी)

कारण ग्रुपवर अर्धंच सांगितलंय. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान. ते फार बारीक केलं की प्रकाश कडांवर पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. शिवाय १:१ वर छिद्राचा प्रत्यक्ष परिणाम दुप्पट आकड्याचा होतो, म्हणजे एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं. एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान राहा आणि डोळ्यावर फोकस धरा. किडा स्थिर असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत फोटो घेऊन ते नंतर एकत्र करा.

फ्लॅश मारला की पाठीवर पांढरा डाग येतो. पोलरायझर घ्यावा का?

पोलरायझरने, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरने, थोडा फरक पडेल, पण प्रकाशही बराच खाल्ला जाईल. आधी डाग कसला आहे ते ओळखा. तो तुमच्या फ्लॅशचाच फोटो आहे. गुळगुळीत, फुगीर पाठ आरशाचं काम करते, समोर छोटा प्रखर दिवा असला की तोच त्यात दिसतो. त्यामुळे दिवा मोठा आणि मऊ करायचा: फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर किंवा पांढरी फोम शीट बाक देऊन लावा आणि ती किड्याच्या जमेल तितकी जवळ आणा. तोच कागद वीतभर मागे नेला तर किड्याच्या दृष्टीने दिवा पुन्हा छोटा होतो. बाजारात खपवले जाणारे रिंग लाइट, म्हणजे लेन्सभोवती बसणारे गोल दिवे, मात्र घेऊ नका. प्रत्येक भुंग्याच्या पाठीवर पांढरं कडं उमटतं. घरी स्टीलच्या चमच्यावर सराव करा. चमच्यावरच्या डागाची कड विरघळली की भुंग्यावरचीही विरघळेल.

एका व्हिडिओत किडा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून फोटो काढायला सांगितलंय. सोनेरी कासवकिड्यावर करून पाहू का? (कॉलेज विद्यार्थी, गडहिंग्लज)

अजिबात नाही. आणि हे तुझ्या मित्रांनाही सांग, कारण हा प्रश्न आला नाही असा माझा एकही पावसाळा जात नाही.

ज्या सोन्यासाठी तू त्याला डबीत कोंबणार, ते सोनं त्याच्या जिवंतपणावर टिकलेलं असतं. त्याच्या कवचात अतिशय पातळ थर असतात आणि त्यांतल्या ओलाव्यामुळे प्रकाश सोनेरी होऊन परततो. किडा मेला, कवच सुकलं, की सोनं जातं आणि मळकट तपकिरी टरफल हातात राहतं. हिरव्या सोनपाखराचं तसं नाही. त्याचे थर कोरडेच असतात. जपानमधल्या होर्यूजी मंदिरातल्या सातव्या शतकातल्या देव्हाऱ्यावर अशाच भुंग्यांचे पंख बसवले होते. त्यातले जे थोडे उरलेत ते अजून चमकतात. त्यावरून ‘मेला तरी चमक राहते’ असा सरसकट नियम काढणारे चुकतात.

फ्रीजमधून बाहेर काढलेल्या किड्यावर इथल्या दमट हवेत लगेच पाणी धरतं. पाय पोटाशी दुमडलेले, मिशा पडलेल्या. जाणकाराला फोटो बघताक्षणी कळतं. गारठलेला किडा पुन्हा पानावर सोडलास तर शुद्धीवर येण्याआधी मुंग्या त्याला गाठतात. डिंकाने चिकटवणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही, ती क्रूरता आहे.

त्यापेक्षा पहाटे ऊठ. उजाडताना किडा आपोआपच गार आणि सुस्त असतो. ओढ्याकाठची बेशरम किंवा शेतातला रताळ्याचा वेल बघ. पानांना गोल गोल भोकं दिसली की पान न हलवता खालून डोकाव. कवचाची कड काचेसारखी आरपार असते, तिच्यातून पानाच्या शिरा दिसतात. डोकं त्या कडेखाली झाकलेलं असतं, मिशा तेवढ्या बाहेर. तुझी सावली त्याच्यावर पडू देऊ नकोस. जात ओळखायची असेल तर अंदाज बांधू नकोस, फोटो घेऊन कृषी महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या कीटकतज्ज्ञांना भेट.

राधानगरी अभयारण्यात किड्यांच्या फोटोलाही परवानगी लागते का?

लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जायलाच परवाना लागतो. वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारा.

लेन्सच्या आत कोळिष्टकासारखं काहीतरी दिसतंय. पावसाळा संपल्यावर दाखवलं तर चालेल? (पन्हाळा)

नाही, याच आठवड्यात दाखवा. ती बुरशी आहे. बुरशीने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो परत येत नाही. घरी स्पिरिट लावून लेन्स उघडत बसू नका, जाणत्या मेकॅनिककडे द्या. बाकीच्या लेन्स सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, चामडी पाकिटात नको.

रात्री दिव्याखाली फोटो काढताना मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा, निळसर चकाकीचा किडा मानेवर आला. चिरडला. दोन दिवसांनी फोड आले. चुना लावू का?

चुना नको, टूथपेस्टही नको. त्या किड्याच्या अंगातला द्रव कातडीला भाजतो आणि फोड साधारण एक-दोन दिवसांनीच येतात, म्हणून कारण लक्षात येत नाही. फोड फोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पुढच्या वेळी किडा अंगावर आला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा. हात डोळ्याला लागला असेल आणि डोळा लाल झाला असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.