आधी मोजा, मग भांडा

उन्हं तापायला लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी वर्गणी आणि पार्किंग चालू असतं, आता पाणी, गळती, झाडं आणि पोरांचा दंगा. पत्रात प्रश्न एका ओळीचा असतो आणि शेजाऱ्याची तक्रार दीड पान. तक्रारी कापून प्रश्न तेवढे खाली ठेवले आहेत.

प्रश्न: गच्चीवरची टाकी रात्री भरून ठेवतो, पहाटेपर्यंत निम्मी होते. तिसऱ्या मजल्यावर सुट्टीचे पाहुणे उतरले आहेत, त्यांचा वापर बेफाम आहे असं सगळ्यांचं मत पडलं. त्यांना जादा पाणीपट्टी लावावी का? (सोसायटीचे सचिव)

पाहुणे रात्री दोन वाजता आंघोळीला बसत असतील तर जरूर लावा. नाहीतर साप म्हणून भुई धोपटू नका. रात्री एक ते पहाटे चार या वेळात इमारत झोपलेली असते. तेव्हा टाकीतून जे पाणी जातं त्यातलं बहुतेक गळतीचं.

त्यासाठी टाकीची लांबी-रुंदी मोजा. समजा आतून ४ मीटर बाय ३ मीटर आहे, तर पातळी १ सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. रात्री एक वाजता कोरडी काठी बुडवून ओल्या रेघेवर खूण करा, चारला पुन्हा करा. तीन तासांत ५ सेंटिमीटर उतरली असेल तर ६०० लिटर, म्हणजे ताशी २००. दिवसभराचा हिशेब धरला तर जवळजवळ ५,००० लिटर नुसते वाहून जातायत. इतकं पाणी वाया घालवायला पाहुण्यांना बरेच कष्ट घ्यावे लागतील.

दुसऱ्या रात्री हेच मोजमाप टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घ्या, तेवढे तीन तास नळाला पाणी नसेल हे आदल्या दिवशी फलकावर लिहून. व्हॉल्व्ह बंद असूनही पातळी उतरली तर टाकीच गळते. उतरली नाही तर दोष पाइपात किंवा घराघरांत. टाकी भरतानाही एकदा वर जाऊन पाहा. टाकी भरली की पाणी अडवणारा फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला असतो आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गच्चीच्या नळीत उतरतं, त्यामुळे कुणाच्या नजरेलाच पडत नाही. ओव्हरफ्लोचं तोंड दिसेल अशा जागी काढून घेणं ही मला सगळ्यात स्वस्त दुरुस्ती वाटते.

घरातला मोठा चोर म्हणजे फ्लश टँक. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. हे गळणं आवाज करत नाही, म्हणून महिनोन्महिने चालतं. त्यापुढे सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला २० ते ३० लिटर घालवतो. तोही दुरुस्त करा, पण आधी फ्लश टँक.

सगळ्या घरांची ही रंगाची तपासणी एकाच दिवशी करा, तिसऱ्या मजल्यासकट. सुरुवात अध्यक्षांच्या घरापासून केलीत तर उरलेली दारं आपोआप उघडतात.

प्रश्न: जमिनीखालची टाकी सुट्टीच्या दिवशी श्रमदानाने साफ करायची ठरवली आहे. दहा-बारा तरुण तयार आहेत. ब्लीचिंग पावडर किती घ्यावी?

पावडरीचं नंतर पाहू. आधी टाकीत कोण, कसा उतरणार ते सांगा. तुमच्या पत्रात त्याचा शब्द नाही आणि मला काळजी तीच आहे.

बंद टाकीतली हवा बाहेरच्यासारखी नसते. बाहेर हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली तो गेला की जागा धोक्याची धरतात. तळाचा गाळ कुजत असेल किंवा लोखंड गंजत असेल तर तेच ऑक्सिजन खातात. कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. नासक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून तो कळेल, या भरवशावर राहू नका, कारण जास्त प्रमाण असलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. आत उतरलेला माणूस कोसळला की वरचा घाबरून त्याच्या मागे उडी टाकतो आणि एकाचे दोन होतात. मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी युक्तीही सोडून द्या. विषारी वायू तिला कळत नाही आणि पेट घेणारा असला तर भलतंच होईल.

माझा सल्ला सरळ आहे: उतरण्याचं काम वायुमापक, पट्टा-दोर आणि हवा खेळती ठेवणारा पंखा घेऊन येणाऱ्या प्रशिक्षित माणसांना द्या. पैसे देताय म्हणून साधनं न पाहता कुणालाही उतरवू नका, त्याचाही जीव तेवढाच आहे. पेट्रोल किंवा डिझेलवरचा पंप टाकीत उतरवायचा नाही, त्याचा धूर माणूस मारतो. विजेचा पंप असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा खटका) असलेल्या जोडणीवरच चालवा, आणि माणूस आत असताना पंप बंद.

तुमच्या तरुणांना काम कमी नाही. झाकणाची फट बुजवणं, हवेच्या पाइपाला जाळी बसवणं, आजूबाजूचा उतार टाकीपासून दूर काढणं, घरोघरी पाणी भरून ठेवायला सांगणं, हे सगळं बाहेरचं आहे.

आता पावडर. आधी गाळ काढून भिंती ब्रशने घासायच्या, कारण मळावर क्लोरीन फुकट जातं. मग टाकी भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडेल इतकी पावडर घालून एक दिवस ठेवायची आणि ते पाणी काढून टाकायचं. ताज्या पावडरीत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे १,००० लिटरला साधारण १५० ग्रॅम. पोतं उघडं पडलेलं असेल तर जोर केव्हाच गेलेला असतो. डाग निघावेत म्हणून ॲसिड आणि पावडर एकत्र कुणी करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. वापर सुरू झाल्यावर नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय ना, ते तपासणीच्या किटवर पाहा.

प्रश्न: वरच्यांच्या एसीचं पाणी आमच्या खिडकीवर टपटपतं. सांगितलं तर म्हणतात, 'शुद्ध पाणी आहे.'

शुद्ध असलं म्हणून झोपमोड कमी होत नाही. दमट हवेत एका एसीतून तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज निघतं. नळी लांबवून सामाईक पाइपात सोडायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, झाडांना घालायला चालतं. प्यायला नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नाही, कारण ते धुळीच्या जाळीवरून आलेलं असतं. टपटपीसोबत घरघरही असेल तर बाहेरच्या युनिटच्या ब्रॅकेटखाली रबराचे तुकडे आहेत का तेही पाहून घ्या.

प्रश्न: रात्री दहाच्या सुमारास आमच्या विंगचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा खटका) पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, २० अँपिअरचा काढून ३२चा बसवतो, कटकट संपेल.

कटकट संपेल आणि जोखीम सुरू होईल. एमसीबी वायरीच्या राखणीला ठेवलेला असतो. वायर तीच ठेवून त्यातून २० ऐवजी ३२ अँपिअर जाऊ दिले तर वायरीतली उष्णता दीडपट नाही, अडीचपटीहून जास्त होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्यात उन्हाळ्यात मीटरची खोली आधीच तापलेली, म्हणजे वायरीची सोसण्याची ताकद आणखी कमी.

पडणारा एमसीबी खरं बोलतोय असं धरून चला. दहा वाजता क्लॅम्प मीटर लावून प्रवाह मोजून घ्या. खरोखर २०च्या वर जात असेल तर भार दोन फेजवर वाटा किंवा वायर जाड टाका, मग एमसीबी बदला. कमी असूनही पडत असेल तर जोड ढिला असण्याचा संशय घ्या. प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, जळका वास येतोय का, हे बंद करून पाहिलं की दिसतं. आणि त्या खोलीतल्या रंगाच्या जुन्या डब्या, मोडक्या सायकली, कोणाच्या तरी गाद्या आजच बाहेर काढा. त्या कोणाच्या आहेत हे ठरायची वाट पाहू नका.

प्रश्न: बागेला पाणी कधी घालावं यावरून सभेत रण माजलं. दुपारी घातलं तर थेंबांनी पानं भाजतात, असं एक गट म्हणतो. शिवाय गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर सावली येते म्हणून दोन मोठी झाडं वरून छाटायची आहेत.

थेंब भिंगासारखे काम करून पान भाजतात हा समज फार जुना आहे. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. गुळगुळीत पानांवर तसं काही होत नाही, थेंब पानाला लागून बसतो आणि त्याचा प्रकाश पानाच्या पार खाली एकवटतो. ज्या पानांच्या लवेवर थेंब उचलून धरला जातो तिथे मात्र डाग पडू शकतात. तरी दुपारी पाणी घालू नये हे बरोबरच आहे, कारण वेगळं: बरंचसं वाफ होऊन जातं. पहाटे घाला.

त्याहून मोठी चूक बहुतेक बागांत रोज होते. माळी दररोज नळी धरून खोडाशी थोडं थोडं ओततो. वरची दोन बोटं माती भिजते आणि खाली सगळं कोरडं. मोठ्या झाडाची पाणी ओढणारी मुळं खोडापाशी नसतात, ती फांद्यांच्या घेरापर्यंत आणि त्याच्याही पुढे पसरलेली असतात. घेराखाली आळं करून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी एक सळई खुपसून पाहा. जिथवर सहज जाते तिथवर ओल पोचली. वीतभर तरी जायला हवी. आळ्यात पालापाचोळा पसरा, पाच ते दहा सेंटिमीटर जाड, पण खोडाला चिकटवू नका. तोच पाचोळा तुम्ही गोण्या भरून कचऱ्यात देत असाल तर थांबा.

शेंडे छाटण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शेंडा उडवलेलं झाड दोन-तीन वर्षांत झाडूसारखे कच्चे फुटवे काढतं, ते वाऱ्यात मोडतात आणि सावली परत येतेच. सावली नेमकी कोणत्या फांदीची, किती वाजता पडते, ते एक दिवस तासातासाने फोटो काढून पाहा. बहुतेकदा दोन-तीन फांद्यांवर भागतं. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त काढू नये, आणि फांदी जिथे खोडातून निघते तिथला फुगीर कंगोरा राखून कापावी. तो कंगोराच पुढे जखम बुजवतो. वर डांबर किंवा रंग फासण्याचा उपयोग नाही. घरटी आहेत का ते आधी बघा, आणि तुमच्याकडे परवानगी लागत असेल तर कुऱ्हाड नंतर.

प्रश्न: आठवड्याला धुरळणी करतो, तरी डास तसेच.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. धूर फक्त उडत्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना नाही. दिवसा चावणारा एडिस डास फार लांबून येत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या टापूतला असतो, म्हणजे बहुधा तुमच्याच आवारात जन्मलेला. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांची भांडी आठवड्याला एकदा रिकामी करायची, हे तुम्ही करतही असाल. घासता का? एडिसची अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेघेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं की ती फुटतात. काथ्याने आतून घासा, तेही काठापर्यंत. बंद घरांचे कूलर विसरू नका, गावाला गेलेल्यांना फोन करा.

प्रश्न: सुट्टीत मुलं दुपारभर खाली ओरडतात. वयस्कर मंडळींना झोप नाही. खेळावर बंदी घालावी का?

बंदी नको. दुपारी तसंही मुलांना उन्हात सोडू नये, तेव्हा एक ते चार हे तास दोन्ही पक्षांच्या भल्यासाठी शांततेचे ठेवा आणि संध्याकाळी वयस्करांनी कुरकुर करू नये, असा सौदा करा. नियम मुलांकडून लिहून घ्या, ती स्वतःचे नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतात. एक मात्र मोठ्यांनी करायचं: घसरगुंडीवर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहायची. ठेवता आली नाही तर लहान मुलाची कातडी भाजेल. प्लॅस्टिक आणि रबरी फरशीही तापते, फक्त पत्राच नव्हे.

प्रश्न: पावसाआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय. ठेकेदार म्हणतो सगळी गच्ची करावी लागेल, वरच्या मजल्याचे म्हणतात फक्त त्यांच्या डोक्यावरची करा. कोणाचं ऐकावं?

अजून कोणाचंच नाही. गच्चीचा संशयित भाग विटा-गाऱ्याच्या बांधाने अडवून ५ सेंटिमीटर पाणी ४८ तास साठवा. एवढ्या पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो होतं, तेव्हा स्लॅब जुना किंवा तडे गेलेला असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. पाणी टंचाईचं असेल तर वापरलेलं, गाळलेलं चालेल.

उन्हाळ्यात पाणी वाफेनेही उतरतं आणि इथेच भांडण लागतं: ठेकेदार म्हणतो गळलं, तुम्ही म्हणता आटलं. म्हणून शेजारीच, त्याच उन्हात, एका पसरट घमेल्यात तेवढंच पाणी ठेवा. दोन्हीकडे पट्टीने खूण करा. घमेल्यात जेवढं उतरलं तेवढं वाफेचं समजा, अंदाजाने. गच्चीवर त्यापेक्षा बरंच जास्त उतरलं असेल तर तो भाग गळतो. असे भाग पाळीपाळीने तपासले की किती गच्ची करायची ते ठरतं. खालच्या छतावर ओल उमटली तर बरोबर त्याच्यावरच भेग असेल असं नाही, पाणी स्लॅबमधून आडवं सरकतं, म्हणून कठड्याचा सांधा आणि पाइपांच्या भोवतालची जागाही तपासा.

लेप देण्याआधी पृष्ठभाग आतून कोरडा हवा. रात्री हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून गच्चीवर बसवा, सकाळी खाली दव दिसलं तर अजून थांबा. गडद गच्ची भर उन्हात ६५ अंशांपर्यंत तापते, त्यावर लेप नीट पसरायच्या आत सुकतो आणि तडकतो. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायला सांगा. वरचा थर पांढरा घेतलात तर पृष्ठभाग २५-३० अंशांनी थंड राहू शकतो, आणि त्या फायद्याचा मोठा वाटा वरच्या मजल्याला मिळतो. खर्चाची वाटणी ठरवताना हा मुद्दा सभेत काढायला हरकत नाही. मात्र पाण्याची चाचणी लेप दिल्यावर पुन्हा एकदा, ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी घ्या.