शिक्षकांच्या गप्पांतून अध्यापन सुधारते का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक एकत्र बसतो, बोलणे पुष्कळ होते. पण ते बहुतेक वेळा विद्यार्थ्यांविषयीच्या तक्रारींवर येऊन थांबते. सहकाऱ्यांशी बोलण्यातूनच शिक्षक घडतो, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : तथ्य आहे, मात्र बोलणे कशाविषयी चालते यावर सारे अवलंबून आहे. ज्युडिथ वॉरेन लिटल या अमेरिकी संशोधिकेने सहा शाळांचा अभ्यास करून १९८२ मध्ये नेमका हाच भेद दाखवला होता. अधिक यशस्वी शाळांतील शिक्षक वारंवार आणि नेमकेपणाने प्रत्यक्ष अध्यापनाविषयी बोलत. विद्यार्थ्यांच्या वा त्यांच्या घरच्यांच्या उणिवांची चर्चा लिटल यांनी या बोलण्यात धरलेली नाही.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. ‘मुलांना अपूर्णांक येतच नाहीत’ या वाक्यावर सहकारी फार तर मान डोलावतील. पण १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिलेली वही आपण समोर ठेवलीत, तर त्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला हे सर्वांना दिसेल आणि त्याने असे का केले असावे याचा शोध सुरू होईल. कोणी सुचवेल की, उत्तर चूक आहे असे न सांगता ‘२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?’ एवढेच त्याला विचारावे. अर्ध्यात भर घालूनही उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले, या पेचात तो स्वतःच सापडेल. दुसऱ्या दिवशी हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा आणि मुले काय म्हणाली ते सहकाऱ्यांना येऊन सांगावे. हे सांगणे बहुधा राहूनच जाते, आणि मग सूचना योग्य होती की नाही हे कोणालाच कळत नाही.

चर्चेत आपले उणे निघेल, अशी धास्ती अनेकांना वाटते. जपानमधील पाठ-अभ्यासाच्या पद्धतीत ती बरीच कमी होते, कारण पाठाचे नियोजन अनेक शिक्षक मिळून करतात, एक जण तो शिकवतो आणि इतर जण त्या वेळी मुख्यतः मुलांकडे लक्ष ठेवतात. नंतरची चर्चा त्या सामाईक पाठाची असते, शिकवणाऱ्या व्यक्तीची नव्हे. दर वेळी सर्वांचे एकमत होत असेल, तर मात्र ती चर्चा कितपत मोकळी आहे याविषयी मला शंका येते.

प्रश्न : माझ्या विषयाचा शाळेत मी एकटाच शिक्षक आहे. मी कोणाशी बोलावे?

उत्तर : प्रश्न विचारल्यावर आपण मुलांना विचार करायला किती वेळ देता, कोणती मुले कधीच बोलत नाहीत, हे अन्य विषयाचा सहकारीही सांगू शकेल. पण एखादी संकल्पना मुलांना कुठे अडते आणि ती कोणत्या मांडणीने सुटते, हे ज्ञान त्या त्या विषयाचे असते. ली शुल्मन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये यावरच भर दिला होता. त्यासाठी दुसऱ्या शाळेत आपलाच विषय शिकवणारा एखादा सहकारी शोधावा आणि दोघांनी एकच प्रश्न आपापल्या वर्गात देऊन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत.