वाचकांचे प्रश्न : नातवंडांना संग्रहालयात नेताना

प्रश्न : माझी सात आणि अकरा वर्षांची नातवंडे सुट्टीत पुण्याला येणार आहेत. त्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवावे असे मनात आहे. परंतु मागील खेपेस एका संग्रहालयात ती अर्ध्या तासातच कंटाळली होती. काय करावे?

उत्तर : सगळी दालने एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट सोडावा, कारण येथील वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे आणि एवढे पाहताना मोठ्यांचेही पाय दुखतात. मुलांना वही-पेन्सिल देऊन एकच शोध सोपवावा : पशुपक्ष्यांच्या आकाराचे किती अडकित्ते, दिवे आणि वज्र्या (आंघोळीच्या वेळी पाय घासण्याची साधने) सापडतात ते मोजायचे आणि आवडलेल्या एकाचे चित्र काढायचे. वज्री म्हणजे काय, हे बहुधा तुम्हालाच समजावून सांगावे लागेल आणि तुमच्या आजीच्या न्हाणीघराच्या आठवणी तेथे कोणत्याही फलकापेक्षा अधिक उपयोगी पडतील. कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर केळकर यांनी अकाली निधन पावलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला, ही हकिगत थोरल्या नातवंडाला अवश्य सांगावी. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल शेवटी पाहावा.

पुढे मुंबईस जाणे झाल्यास छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या आवारातील, 2019 मध्ये सुरू झालेले मुलांचे संग्रहालयही पाहता येईल. 18 मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो. त्या सुमारास कार्यशाळा असल्यास आधी दूरध्वनीवरून चौकशी करावी.