रात्री अंथरुणावर पडलं की पाय शिवशिवतात, ओढणी घट्ट बांधून झोपते. यावर काही उपाय आहे का?

ओढणी मीही बांधली आहे, पोटऱ्यांवर वळ उठेपर्यंत. हा थकवा नाही आणि पायात येणारा गोळाही नाही. गोळा आला की पोटरी दगडासारखी होते. इथे हाताला काहीच लागत नाही. आत काहीतरी सरपटतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि उठून चाललं की लगेच बरं वाटतं. तुमचं असंच असेल तर हे रेस्टलेस लेग्ज आहे, म्हणजे पायांना चैन पडू न देणारा आजार.

माझ्या आईला हेच होतं. दिवा मालवला की म्हणायची, "जरा पायांवर उभी राहा गं." मी भिंतीला धरून तिच्या पोटऱ्यांवर उभी राहून शंभर मोजायची, साठनंतर आकडे गाळत. मग रात्री दोनला मोरीतून तांब्या-तांब्याने पायांवर पाणी ओतल्याचा आवाज यायचा. थोरला भाऊ म्हणायचा, आईला पाय दाबून घ्यायची सवय लागलीये, दिवसभर लोळते म्हणून. पहाटे डोळा लागलेली बाई दुपारी लवंडणार नाही तर काय करेल?

चाळिशीत माझं सुरू झालं. हिमोग्लोबिन 12.4, म्हणून सगळे म्हणाले, काही नाही, मनाचे खेळ आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी करायला लावली. 14 आलं. लॅबच्या कागदावर तेही नॉर्मलच होतं! पण या आजारात 75 च्या आत असलं तरी लोह देऊन बघतात, कारण मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनायला लोह लागतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तास लांब. तीनेक महिन्यांनी सलग झोपले. सर्दीची गुंगी आणणारी गोळी रात्री घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, तिने हे वाढतं.

मनाचे खेळ म्हणे! स्वीडनच्या डॉक्टर एकबोम यांनी 1945 साली या आजाराला नाव दिलंय. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "आता गेलेल्या माणसाचं काय उकरतेस?" उकरणारच. हे घराण्यात चालतं आणि आईचं फेरिटिन कुणी कधी तपासलं नाही.

हां, सगळ्यांचं लोहानेच होतं असं नाही. किडनीच्या आजारात होतं, गरोदरपणातही होतं. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका.

भावाचा मुलगा हल्ली रात्री गार भिंतीला पाय लावून झोपतो. त्याला रक्त तपासायला मीच नेणार आहे.