गोळी सुटण्याआधी

प्रिय दोस्ता,

‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) तू अर्ध्यात बंद केलास, कारण ‘काही घडतच नाही’. अरे, दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्न सिनेमात गोष्ट चार ओळींची असते. तो रंगवतो ते गोळी सुटण्याआधीचं ताटकळणं.

हेडफोन लाव आणि सुरुवात पुन्हा बघ. ओसाड स्टेशनावर तीन बंदूकवाले गाडीची वाट बघतायत. एन्यो मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी, तरी संगीत नाही. करकरणारी पवनचक्की, टोपीवर ठिबकणारं पाणी, गालावरची माशी. गाडी येते, निघून जाते, आणि रुळांपलीकडून हार्मोनिका ऐकू येते. माणूस दिसण्याआधी त्याचे सूर पोहोचतात. ते सूर त्याच्याकडे कुठून आले, हे कळायला शेवटच्या द्वंद्वापर्यंत थांबावं लागतं. या सिनेमाची मुख्य धून शूटिंगच्या आधीच तयार होती आणि सेटवर वाजवली जायची. नायिका क्लॉडिया कार्डिनाले स्टेशनातून बाहेर पडते, कॅमेरा छपरावरून वर चढतो आणि गाव उलगडतं, तो शॉट बघ. गायिका एड्डा डेलऑर्सोचा शब्दांविना आवाज आणि कॅमेऱ्याची क्रेन एकाच श्वासात वर जातात.

त्याआधीच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये (१९६५) तर खिशातलं घड्याळच पटकथा चालवतं. त्याची धून संपली की बंदूक काढायची. म्हणजे किती वेळ धडधडायचं, ते संगीत ठरवतं.

यात काटकसरही होती, बरं का. टेक्निस्कोप या चित्रीकरणाच्या पद्धतीत रुंद पडद्यासाठी निम्मीच फिल्म लागायची. नट वेगवेगळ्या देशांचे, त्यामुळे संवाद नंतर डब व्हायचे. साहजिकच प्रत्येक आवाज निवडून ठेवलेला. मोरिकोनेने वाद्यवृंदात शीळ, चाबूक, घंटा, इलेक्ट्रिक गिटार आणलं. ती शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची.

‘शोले’तला (१९७५) ठाकूरच्या कुटुंबाचा संहार आठव, करकरणाऱ्या झोपाळ्यासकट. मग ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधलं मॅकबेन कुटुंब बघ. मी जास्त सांगत नाही.

आता ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चं (१९६६) कब्रस्तान. स्पेनमध्ये बुर्गोसजवळ ते खास उभारलं होतं. टुको नावाचा डाकू थडग्यांमधून पळत सुटतो, तो भाग एकदा आवाज बंद करून बघ, मग चालू करून. झालं की फोन कर. दिग्दर्शक कोर्बुचीच्या बर्फातल्या वेस्टर्नबद्दल, ‘द ग्रेट सायलेन्स’बद्दल बोलायचंय.

तुझा,
सर