मुलगा वाढत्या वयाचा आहे, आइस हॉकीचे स्केट्स एक नंबर मोठे घेतले तर चालतील का?

ताई, तुमचा मुलगा अकरा वर्षांचा, इथं कोल्हापुरात चार वर्षं रोलर स्केटिंग करतोय, आणि जानेवारीत लेहला आइस हॉकीच्या शिबिराला निघालाय. इथल्या दुकानात बर्फावरचे स्केट्स मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन मागवायचे, आणि ते किती टिकतील हेही तुम्ही विचारलंय. पाय वाढता आहे तर एक नंबर मोठाच घ्या, दोन वर्षं तरी निघतील, असं घरची मंडळी म्हणतात. तर पहिलं उत्तर हेच: एक नंबर मोठा घेऊ नका. अर्धा नंबर वाढीला ठेवा, त्यापुढं अजिबात जाऊ नका. शाळेच्या बुटाला जे चालतं ते या बुटाला चालत नाही.

घरच्यांचं म्हणणं चुकीच्या सवयीतून आलेलं नाही, हे मला कळतं. आपल्याला पादत्राण म्हणजे कोल्हापुरी चप्पल माहीत. नवी चप्पल चावते. मग तिला तेल पाजायचं, चार दिवस घरातल्या घरात घालायची, हळूहळू चामडं नमतं आणि पायाचा ठसा घेतं. सुभाषनगरातले कारागीर जे चामडं वापरतात ते बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, पायाप्रमाणं नमणं हा त्याचा गुणच आहे. हॉकी स्केटचा बूट याच्या अगदी उलटा. त्याचं बाहेरचं कवच कडक, महागातल्या बुटात तर कार्बन फायबरचं. न नमणं हेच त्याचं काम. आतला फोम थोडा दबतो, घोट्याभोवती आकार घेतो, पण बुटाची लांबी पहिल्या दिवशी जी असते तीच शेवटपर्यंत राहते. मोठा घेतलेला स्केट कधी बरोबर होत नाही. फोम दबला की उलट आणखी सैल होतो.

मी कामानिमित्त सहा वर्षं कॅनडात किचनर गावात राहिलो. बाउअर कंपनीनं 1927 साली स्केट्स बनवायला सुरुवात केली ती याच गावात. ब्लेड बुटाला कायमचं जोडून विकण्याचं श्रेय त्यांना देतात, त्याआधी लोक ब्लेड वेगळं घेऊन आपल्या बुटाला बसवायचे. तिथं मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी आइस हॉकी शिकलो. पहिले स्केट्स घेताना दुकानात मी माझ्या नेहमीच्या बुटाचा नंबर सांगितला आणि पोरानं तोच काढून दिला. पाय आत गेला, बरं वाटलं, घेतले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही टाचांची सालं गेली. टाच आत वर-खाली होत होती, म्हणून मी लेस करकचून आवळत गेलो. मग घोट्याच्या पुढं, जिथं पाऊल पोटरीला मिळतं, तिथल्या शिरेवर लेस रुतून सूज आली. खाली वाकलं की कळ. याला तिकडं ‘लेस बाइट’ म्हणतात. वळताना घोटे आतल्या बाजूला कलायचे, आणि मी समजत होतो की माझे घोटेच कमजोर आहेत.

दुसऱ्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा स्केट हातात घेतला, पाय मोजला आणि थेट दीड नंबर लहान जोडी काढली. उभा राहिलो तर दोन्ही अंगठे पुढच्या कडक टोपीला हलकेच टेकले. मी म्हटलं, हे तर आखूड आहेत. ते म्हणाले, गुडघे वाकवा. गुडघे वाकवले तशी टाच मागं सरकून बुटाच्या खोलग्यात बसली आणि अंगठे टोपीपासून सुटले. तेव्हा मला हे प्रकरण कळलं. बर्फावर माणूस सरळ उभा नसतोच, कायम गुडघ्यात वाकलेला असतो. त्या स्थितीत टाच पक्की आणि बोटं जेमतेम मोकळी, हे खरं माप. सगळं अंग तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या ब्लेडवर तोललेलं असतं. टाच बुटात हलली तर घोटा वळतो पण ब्लेड वळत नाही.

आता ऑनलाइन मागवताना माप कसं द्यायचं. नंबरावर विसंबू नका. आपल्या बुटांवरचा नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो, स्केट कंपन्यांचा हिशेब अमेरिकन नंबरावरून चालतो, आणि त्यातही स्केटचा नंबर बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीडनं कमी असतो. या दोन हिशेबांत माणूस हमखास गोंधळतो. त्यापेक्षा संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असताना, मुलाला भिंतीला टाच लावून कागदावर उभं करा. दोन्ही पाय मोजा, एक पाय जरा मोठा असतोच, तो धरा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडा. मोजताना पायात पातळ मोजा घाला, आणि बर्फावरही तोच. लेहची थंडी म्हणून दोन जाड मोजे घातले तर पाय जास्त गार पडतात, कारण बूट आवळला की रक्त खेळत नाही.

रुंदीकडं आपल्याकडच्या माणसांनी खास लक्ष द्यावं असं माझं ठाम मत आहे. आपली पोरं घरात अनवाणी, बाहेर चपलेत वाढतात, चवडा पसरलेला असतो, टाच मात्र बारीकच राहते. बाउअरच्या नव्या स्केट्सना फिट एक, दोन, तीन असे प्रकार असतात, एक म्हणजे अरुंद, तीन म्हणजे रुंद. सीसीएम या दुसऱ्या स्केट कंपनीकडंही निमुळता, मध्यम आणि रुंद असे साचे मिळतात. जुन्या मॉडेलांवर डी म्हणजे नेहमीची रुंदी, डबल ई म्हणजे रुंद. चवडा दाबतोय म्हणून लोक लांबीचा नंबर वाढवतात, तिथंच घोटाळा होतो. लांबी तीच ठेवून रुंदी वाढवायची.

पार्सल आलं की बिल-खोकं टाकून देऊ नका, आधी घरात तपासा. लेस पूर्ण सैल करा, मुलाला पाय आत सरकवून बोटं टोपीला टेकवायला सांगा. आता टाचेमागं तुमची करंगळी कशीबशी जाते का? जात असेल तर वाढीला ठेवलेली जागा बरोबर आहे. सहज जात असेल तर मोठा आहे, परत करा. मग टाच मागं ठोकून नीट बसवा, बुटाची जीभ पुढं ओढा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर एक पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल दोन्ही काठांवर आडवी बसली आणि खाली पायाला लागली नाही तर बुटाची खोली पुरेशी आहे. पेन्सिल पायावरच टेकून डुगडुगायला लागली तर बूट उथळ आहे आणि पुढं लेस बाइट ठरलेला. ही तपासणी पुष्कळ लोक करत नाहीत, पण उंच पाठीचं पाऊल असलेल्या मुलाला त्रास नेमका इथंच होतो.

तिकडं दुकानात नवे स्केट्स खास भट्टीत साधारण 80 अंशांपर्यंत गरम करून पायावर बसवून देतात. गरम बूट घालायचा, लेस बांधायची आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं, उभं राहायचं नाही. घरच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नका. त्याचं तापमान वर-खाली होतं, आणि जास्त तापलं की डिंक सुटतो. त्याऐवजी निघण्याआधी दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी अभ्यासाला बसताना अर्धा तास स्केट्स घालून बसू दे, ब्लेडवर कडक कव्हर चढवून. अंगाच्या उबेनं फोम बसतो. कुठं टोचतंय ते घरीच कळतं.

लेस बांधण्याचंही सांगतो, कारण रोलरवरची पोरं वरून खाली एकसारखं आवळतात. चवड्यावर मध्यम, पावलाच्या वळणावर घट्ट, आणि सगळ्यात वर जरा सैल, म्हणजे गुडघा पुढं झुकवता येतो. उरलेली लेस घोट्याभोवती गुंडाळायची नाही. मेण लावलेल्या लेस मिळतात, त्या बांधलेल्या जागी धरून राहतात.

टिकण्याचं विचारलंत. तुमच्या मुलाच्या बाबतीत बूट झिजण्याआधी पाय मोठा होईल. म्हणून माझा सल्ला मध्यम दर्जाच्या, शक्य तर वापरलेल्या जोडीचा. सगळ्यात महागडा स्केट इतका कडक असतो की हलक्या वजनाच्या मुलाला तो वाकवता येत नाही. आणि सगळ्यात स्वस्त, ज्याचा घोट्याचा भाग दोन हातांनी दाबला की मऊ पुठ्ठ्यासारखा आत जातो, तोही नको. जुनी जोडी बघताना तळाचे रिव्हेट हलतात का, ब्लेड धरणाऱ्या प्लास्टिकला चीर आहे का आणि ब्लेडची उंची किती उरलीय ते बघा. प्रत्येक धारेला ब्लेड थोडं थोडं कमी होतं. बरीच ब्लेड्स बदलता येतात, त्यामुळं बूट चांगला असेल तर ब्लेडसाठी सौदा मोडू नका. ब्लेडच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दात असतील तर तो फिगर स्केटिंगचा स्केट, हॉकीचा नव्हे. ऑनलाइन फोटोत हे नीट बघा.

धारेची गोष्ट मात्र सविस्तर लिहायलाच हवी. हॉकीच्या ब्लेडला सुरीसारखी एक धार नसते. तळाला लांबीभर एक बारीक गोलसर खाच काढलेली असते, त्यामुळं आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. खाचेची त्रिज्या बहुतेकांना अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर ठीक पडते. त्रिज्या लहान तितकी खाच खोल आणि पकड जास्त.

कोल्हापूरला परत आल्यावर भाच्याच्या स्केट्सना मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये धार लावायला दिली. त्यांनी चांगल्या मनानं ब्लेड सपाट घासून चकाचक करून दिलं, एका ठिकाणी तर तापून निळं पडलं होतं. निळं पडलं म्हणजे तिथला पोलादाचा कडकपणा गेला. पोरगा लेहला गेला आणि पहिल्याच वळणाला आडवा घसरला. चूक माझी, मी नुसतं ‘धार लावा’ म्हणालो होतो. पुढच्या वेळी दुसऱ्या एका मिस्त्रींकडं गेलो, कागदावर खाचेचं चित्र काढलं, त्रिज्या लिहिली. त्यांनी डायमंड ड्रेसरनं, म्हणजे हिऱ्याच्या टोकाच्या हत्यारानं, धारेच्या चाकाची कडाच त्या गोलाईची करून घेतली, ब्लेड लांबीनं फिरवलं, पाणी सोडत, अगदी हलके हलके हात. शेवटी एक रुपयाचं नाणं ब्लेडच्या तळावर आडवं ठेवून दोघांनी डोळा लावून बघितलं. नाणं एका बाजूला कललं तर एक धार उंच, दुसरी खाली. दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा नाणं सरळ बसलं. मग नखाची पाठ हलकेच धारेवरून ओढली, तर नखाची पांढरी पूड निघाली. दोन्ही बाजूंनी निघाली पाहिजे.

तर धार तुम्ही इथं लावून घेऊ शकता, पण चित्र आणि त्रिज्या घेऊन जा आणि समोर उभं राहा. जमलं नाही तर जोडी विकत घेतानाच धार लावलेली मागा. नव्या ब्लेडला पुष्कळदा वापरण्याजोगी धार नसते.

आपला पावसाळा स्केट्सचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर माळ्यावर टाकलेली जोडी मी गंजलेली आणि आतून बुरशी धरलेली काढलीय. वापरून झालं की ब्लेड पुसायचं, रिव्हेटच्या कडेचंही पाणी टिपायचं, आतलं सोल बाहेर काढून वाळवायचं, उन्हात नव्हे, पंख्याखाली. पिशवीत ठेवताना टॉवेलच्या कापडाचं कव्हर घालायचं. कडक प्लास्टिकचं कव्हर फक्त चालण्यापुरतं, ते घालून ठेवलं की आत पाणी साठतं आणि ब्लेड गंजतं. पावसाळ्याआधी ब्लेडला शिलाई मशीनच्या तेलाचा हात, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, आणि जागा घरातल्या कपाटात.

लेहबद्दल थोडं. तिथला उघड्यावरचा बर्फ थंड आणि कडक असतो, त्यावर वाऱ्यानं आलेली रेती असते, धार लवकर जाते. शिबिरात धारेची सोय आहे का ते आयोजकांना आधी विचारून घ्या. रात्री स्केट्स गाडीत किंवा ओसरीत राहू देऊ नका. गारठलेल्या बुटात सकाळी पाय जात नाही, ओल्या लेस लाकडासारख्या होतात. खोलीत, पण हीटरपासून लांब ठेवायला सांगा. मोज्यांचे चार जोड आणि दोन जादा लेस पिशवीत टाका. निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाय पुन्हा एकदा मोजा. अकराव्या वर्षी दिवाळीत घेतलेलं माप जानेवारीपर्यंत तसंच राहील याची खात्री नसते.